सगळ्या खोल्यांत एकच गाणं

स्वयंपाकघरात माझ्या हातून चमचा पडला, तर गॅलरीतून हे ओरडून विचारतात, "काय पडलं?" एवढंसं आमचं घर. डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनच्या जरा अलीकडे, चौथ्या मजल्यावर. अशा घरात खोलीखोलीला वेगळा स्पीकर कशाला हवा, हे मला आजतागायत कोणी पटवून दिलेलं नाही. पण मुलीने आणले आणि ह्यांच्या अंगात आलं.

मुलगी ठाण्यात माजिवड्याला राहते. तिने तिच्या घरात मोठे स्पीकर घेतले आणि आधीचे चार एका खोक्यात भरून रविवारी सकाळी आमच्याकडे हजर झाली. आधीचे म्हणजे काय, दिसायला कोरे करकरीत. नारळाच्या वाटीएवढे, वरून राखाडी कापड लावलेलं.

"आई, चार ठिकाणी चार ठेवायचे. सगळीकडे एकच गाणं वाजतं. तू किचनमधून बेडरूममध्ये गेलीस ना, तरी गाणं तुटत नाही."

"मी किचनमधून बेडरूममध्ये पोचेपर्यंत गाण्यातला एक शब्द पुरा होत नाही," मी म्हटलं. "तुटतंय डोंबल!"

पण ऐकतंय कोण? हे चष्मा चढवून खोक्यात डोकं घालून बसलेले. माझ्या नवऱ्याची सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेली. रिटायर झाल्यापासून तपासायला काही मिळत नाही, म्हणून माझे डाळींचे डबे तपासतात. खोटं बोलणं त्यांना येत नाही, आणि खरं माहीत असताना गप्प बसणंही येत नाही. हा गुण ऑफिसात चालून गेला. घरात त्याने काय दिवे लावले, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्या दाराला लागून माझ्या मोठ्या दिरांचं दार आहे. मी त्यांना दादाच म्हणते. हे दोघं भाऊ लहानपणी ठाण्याच्या कोपरीला एका खोलीत वाढले, आणि पुढे घरं घेतली तीही एकाच मजल्यावर, मधे एक भिंत ठेवून. रविवारचे मासे एका घरात शिजायचे आणि दोन्ही घरं एकत्र जेवायची. वायफायसुद्धा दोन्ही घरांत मिळून एकच. राउटर आमच्या पॅसेजमध्ये, आणि पासवर्ड माझ्या जाऊबाईंच्या फ्रिजवर चिकटवलेला. "एका भिंतीला दोन्हीकडून दोन राउटर कशाला ठोकायचे?" असं दादाच म्हणालेले, आणि ते बरोबरच होतं.

असं सगळं छान चाललेलं असताना गेल्या वर्षी सोसायटीच्या सभेत माशी शिंकली.

झालं असं, की सत्तरी ओलांडल्यावर दादांना कमी ऐकू यायला लागलं. कानाला मशीन लावा म्हटलं की चिडायचे. मग टीव्हीचा आवाज वाढत गेला. बातम्या लागल्या की ती बातम्या देणारी मुलगी आमच्याच सोफ्यावर बसून बोलतेय असं वाटायचं. आमचे हे तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी. खाली पार्किंगमध्ये सभा भरलेली, विषय चाललेला वाढदिवसांना लावतात त्या डीजेचा. आणि ह्यांनी उभं राहून सांगितलं, "नियम सगळ्यांना सारखा पाहिजे. काही घरांतला टीव्हीसुद्धा दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येतो." नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच काय होती? सगळी तोंडं एकदम दादांकडे वळली. दादा उठले, आपली खुर्ची घडी करून भिंतीला टेकवली आणि वर निघून गेले. लिफ्ट होती, तरी जिन्याने.

घरी आल्यावर मी ह्यांना म्हटलं, "तुमच्या जिभेला काही हाड?"

"खोटं बोललो का मी?" हे म्हणाले.

त्या दिवसापासून दोघा भावांचा अबोला. आणि दादांच्या टीव्हीचा आवाज बंद. कमी नाही हं, बंद! नुसती चित्रं बघायचे आणि खाली पळणारी पट्टी वाचायचे. रविवारचं एकत्र जेवण गेलं. संध्याकाळी दोघं खाडीच्या बाजूला फिरायला जायचे, तेही गेलं. आम्हा जावांचं सगळं सुरू होतं. कोथिंबीर इकडून तिकडे, विरजण तिकडून इकडे. नवरे बोलत नव्हते तरी वायफाय बिचारं दोन्ही घरांत नांदत होतं. पण जाऊबाई दारात उभ्या राहून हळू आवाजात सांगायच्या, "अगं, दिवसभरात चार वाक्यं बोलत नाहीत हे. चहा झाला का, जेवू का, संपलं. माणूस असा मिटत चालला की भीती वाटते गं."

आणि इकडे आमचे हे! संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला भिंतीकडे बघत बसायचे. एकदा म्हणाले, "आज टीव्ही लावलेला दिसत नाही त्याने."

"लावलाय. तुमचे कान सांभाळतायत ते."

ह्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मग जा ना. दोन पावलांवर दार आहे. बोला."

"मी काय खोटं बोललो?"

झालं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मला त्या दिवसांत दुसरं काही नको होतं, हे दोघं एकमेकांशी बोलायला हवे होते. केस पांढरे झालेली माणसं, अजून किती दिवस एका भिंतीला दोन्हीकडून पाठ लावून बसणार?

तर, स्पीकर. हॉलमधला टीव्हीच्या शेजारी बसला, तो एकच बिनबोभाट बसला. बेडरूममधला कपाटावर ठेवला, तर त्याच्या आवाजाने कपाटाचं दार खुळखुळायला लागलं. मग दारात रुमालाची घडी खुपसली. गॅलरीतला ह्यांनी तुळशीच्या कुंडीला टेकवला. मी म्हटलं, "उद्या सकाळी मी पाणी घालणार, तेव्हा त्याची आंघोळ होईल." तो उचलून खिडकीच्या कट्ट्यावर. स्वयंपाकघरातला सगळ्यात नाठाळ. फ्रिजवर ठेवला तर मुलगी म्हणाली हलतो. हे ओट्यावर ठेवायला गेले, तर मी म्हटलं, "फोडणीचं तेल उडून आठ दिवसांत त्याचं भजं होईल." शेवटी देवघराच्या शेजारच्या फळीवर जागा झाली.

"देवाला चालेल ना?" ह्यांनी विचारलं.

"देवाला मिक्सर चालतो, हा नाही चालणार?"

मग ॲप. मुलीने ह्यांच्या फोनवर ते घातलं, प्रत्येक स्पीकरला खोलीचं नाव दिलं आणि त्याच्याशी बोलायचं कसं ते शिकवलं. हे स्पीकरसमोर हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, जरा एखादं गाणं लावता का?"

मुलगी हसून लोटपोट. "बाबा, तिला अहोजाहो कळत नाही!"

"तिला कळत नसेल. म्हणून आपण का सोडायचं?"

बाईंनी गाणं लावलं, पण नुसतं हॉलमध्ये. सगळ्या खोल्यांत एकदम वाजायला हवं असेल तर ॲपमध्ये हव्या त्या खोल्यांवर टिक करून त्यांचा गट बनवावा लागतो. मुलगी म्हणाली, "हे तुम्हीच करा बाबा, नाहीतर उद्यापासून मला फोन करत बसाल." ती माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली, आम्ही पोहे केले, आणि पोह्यांवर खोबरं पेरत होते तेवढ्यात डोक्याशेजारी एकदम सनई सुरू झाली. मी केवढ्याने दचकले! खोबरं फरशीवर. हॉलमधून हे धावत आले, "इथे वाजतंय?" बेडरूममध्ये धावले, "इथे पण वाजतंय!" गॅलरीतून ओरडले, "इथे पण!" अख्खं घर एका सुरात वाजत होतं. ह्यांचा चेहरा असा फुललेला मी कित्येक महिन्यांत बघितला नव्हता, आणि मला मनापासून बरं वाटलं. खोबऱ्याबद्दल काही बोलले नाही.

आता जे मला आठवड्याने कळलं, ते तुम्हाला आत्ताच सांगते, उगाच गोंधळ नको. मुलीने गेल्या दिवाळीत तिच्या काकूला, म्हणजे माझ्या जाऊबाईंना, असाच एक छोटा स्पीकर दिलेला. जाऊबाईंना ईमेल वगैरे काही नाही, म्हणून तो तिने स्वतःच्याच खात्यावर चालू करून दिला. आमचे चारही तिच्याच खात्यावर, आणि वायफाय तर एकच. त्यामुळे ह्यांच्या फोनवर आमच्या चार जागांच्या खाली पाचवी जागा दिसत होती, 'काकू' नावाची. आणि ह्यांनी तिच्यावरही टिक केलेली. म्हणजे आमच्याकडे जे वाजत होतं, ते भिंतीपलीकडे दादांच्या हॉलमध्येही वाजत होतं. मला ह्याचा पत्ता नाही. ह्यांनाही नाही, आपण काय केलंय ते.

तो आठवडा मजेत गेला. मी नाकं मुरडत होते खरी, पण तिसऱ्या दिवशी भाकऱ्या थापताना माझा हात ठेक्यावर पडायला लागला. एका दुपारी तर झाडू हातात घेऊन मी पॅसेजमध्ये चक्क नाचले. ह्यांनी बघितलं आणि बघितलंच नाही असं दाखवलं, एवढा शहाणपणा त्यांना आहे. संध्याकाळी दिवा लावून झाला की हे बाईंना विनंती करायचे आणि जुनी गाणी सुरू व्हायची. सगळी त्यांच्या कोपरीच्या दिवसांतली. त्यांच्या घरात रेडिओ नव्हता. शेजारच्यांकडे होता, आणि हे दोघं भाऊ त्यांच्या खिडकीखाली पायरीवर बसून ऐकायचे.

"आणि मधेच त्यांनी खिडकी लावली तर?" मी एकदा विचारलं.

"मग उरलेलं गाणं दादा म्हणायचा," हे म्हणाले. "शब्द चुकवायचा. नसले तर मनाचे घालायचा. मला कितीतरी वर्षं तेच खरे वाटायचे." आणि हसले. अबोल्यानंतर दादांचं नाव त्यांच्या तोंडून हसत आलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मी लगेच संधी साधली. "मग बोलवा की त्यांना गाणी ऐकायला."

हसू बंद. "मी काय खोटं..."

"पुरे!"

आणि त्याच वेळी पलीकडे काय चाललेलं! पहिल्या संध्याकाळी गाणं सुरू झालं तेव्हा दादांनी जाऊबाईंना विचारलं, "हे तू लावलंस?" त्या म्हणाल्या, "मी कुठे? मी तर भाजी निवडतेय." दादा उठून स्पीकरपाशी गेले, कान लावला, आणि पुढचं गाणं सुरू झाल्यावर म्हणाले, "त्याने लावलंय. कोपरीची गाणी आहेत ही. माझ्यासाठी लावलीत त्याने." मग रोज संध्याकाळी ते खुर्ची ओढून स्पीकरजवळ बसायला लागले. एखादं गाणं नाही आवडलं तर म्हणायचे, "हे काय लावलं? गाढव आहे." जाऊबाईंना सगळा प्रकार कळलेला, पण त्या मिठाची गुळणी धरल्यासारख्या गप्प. कोथिंबीर द्यायला येऊन गेल्या, चकार शब्द नाही. नंतर मला म्हणाल्या, "तुला सांगितलं असतं तर तू ह्याला सांगितलं असतंस, आणि ह्याने ते बंद केलं असतं. हा हरिश्चंद्र!"

पुढचा रविवार उजाडला. मी बांगडे आणले होते. अर्धे तिखल्यात, म्हणजे दाटसर तिखट रश्श्यात, अर्धे तळायला. हे रविवारी पानं घेतात, त्यांचं ते ठरलेलं काम. मी वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेलेले. आता बायको गॅलरीत आहे तर हाक मारावी की नाही? पण नवीन खेळणं हातात. हे स्वयंपाकघरातल्या फळीपुढे उभे राहिले, आपला आवाज सगळ्या खोल्यांत पोचवायची सोय त्यात आहे ती सुरू केली, आणि गॅलरीतल्या स्पीकरमधून माझ्या कानाशी गरजले, "चला जेवायला! पानं घेतलीत. बांगडे गरम आहेत, गार झाले तर मजा नाही. लवकर या!"

"ऐकू आलं!" मी ओरडले. "चार-चार तोंडांनी कशाला बोलावताय?"

बांगड्यांचा शेवटचा घाणा तव्यातून निघाला आणि बेल वाजली. हातातली पकड तशीच घेऊन मी दार उघडलं. दारात दादा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, भांग पाडलेला. मागे जाऊबाई, हातात सोलकढीचा कॅन, आणि डोळे असे मोठे केलेले, की मला कळलं, काही बोलायचं नाही. काय झालंय ते मात्र कळलं नाही.

दादा चपला काढत म्हणाले, "आलो. आठवडाभर गाणी ऐकवलीस, तेव्हाच म्हटलं, आता बोलावणार. बोलावलंस, मग आलो."

माझे हे हातात पाण्याचा तांब्या घेऊन पुतळा झालेले. त्यांचं तोंड उघडलं. त्या तोंडातून आता काय येणार हे मला लख्ख माहीत होतं. इतक्या वर्षांचा संसार आहे आमचा. 'मी बोलावलंच नव्हतं' हे तीन शब्द, शंभर टक्के खरे, ओठांवर येऊन उभे होते. ते बाहेर पडले असते तर तो पांढरा शर्ट आल्या पावली परत गेला असता आणि पुन्हा ह्या दारात आला नसता.

"पण दादा, मी तर..." ह्यांनी सुरुवात केली.

"तुम्ही तर इकडे या आधी!" मी ह्यांच्या दंडाला धरून त्यांना स्वयंपाकघरात ओढलं. "दादा, बसा हं तुम्ही, पापड तळायचेत." पापडांचा काही बेत नव्हता.

आत जाऊबाईंनी भराभर कुजबुजून सगळं सांगितलं. स्पीकर, गाणी, खुर्ची ओढून बसणं, आणि आत्ताची ती गर्जना. ह्यांनी खिशातून फोन काढला, ॲप उघडलं आणि बघत राहिले.

"ही टिक कोणी केली?" मी विचारलं.

"मीच. सगळ्यांवर केल्या."

"अहो, 'काकू' लिहिलेलं दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं ना. न दिसायला काय झालं?"

"मग?"

"मग काय? अख्ख्या घरात वाजायला पाहिजे होतं. त्यांना सोडून कसं करणार?" असं तावातावाने म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. मी नको असलेले पापड खरोखरच तळायला घेतले.

हे बाहेर गेले. आणखी दोन पानं घेतली. दादा नेहमीच्या खुर्चीवर बसले होते. त्यांना उजव्या कानाने जरा बरं ऐकू येतं. ह्यांचं पान डाव्या बाजूला होतं, ते उचलून हे उजवीकडे जाऊन बसले. मी वाढायला सुरुवात केली. तिखलं, भाकरी, तळलेली तुकडी. दादांनी पहिला घास घेतला, मान हलवली. ताटातल्या भाकरीचे तुकडे करत करत हे खाली मान घालून म्हणाले, "दादा, सभेत मी तसं बोलायला नको होतं."

दादांनी काटा बाजूला ठेवला. "काय म्हणालास?"

हे जरा मोठ्याने म्हणाले, "सभेत बोललो ना मी, ते चुकलं."

"अं?"

"चुकलं म्हणतोय माझं!"

दादांनी हात कानामागे नेला आणि आणखी जवळ झुकले.

मग मात्र हे उठून उभे राहिले. चेहरा लालबुंद. आणि सोसायटीचा तो माजी सेक्रेटरी, आवाजाचे नियम करणारा, भर दुपारी जिवाच्या आकांताने ओरडला, "दादा, माझं चुकलं! चार लोकांत मी तसं बोलायला नको होतं! माझं चुकलं!"

तिसऱ्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. समोरच्या बिल्डिंगमध्ये कपडे वाळत घालणारी बाई हातात चादर धरून आमच्या गॅलरीकडे बघत राहिली. जाऊबाईंची आणि माझी एकमेकींकडे बघायचीही हिंमत होईना.

दादांनी कानामागचा हात शांतपणे खाली घेतला.

"अरे, ओरडतोस काय असा? पहिल्यांदा बोललास तेव्हाच ऐकू आलेलं मला."

"मग परत परत काय विचारत होतास?"

"ऐकायला बरं वाटत होतं," दादा म्हणाले, आणि भाताचं भांडं स्वतःकडे ओढलं.